वन-टनला इथेनॉल: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

खंडेपूजा झाली. लेथ, ड्रिल, व्हाइस सगळ्यांना झेंडू लागला. एक माळ उरली ती दारात उभ्या असलेल्या निसानच्या बंपरला घातली. गाडी कालच दाजींनी क्रेनला बांधून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणून टाकली. सैन्याच्या लिलावातून निघालेला वन-टन ट्रक, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीची. सैन्याच्या जोंगा जीपच्या पोटात जे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं तेच हिच्या पोटात, ३९५६ सीसी. पेट्रोल परवडेना म्हणून चार वर्षं दाजींच्या गुऱ्हाळावर चिपाडाच्या गंजीआड उभी होती.

दाजींचा प्रश्न असा की ऊस आपण पिकवतो, इथेनॉल उसाचं होतं, मग गाडी त्याच्यावर का चालू नये? काकवीपासून घरीच स्पिरिट गाळायचा बेत त्यांच्या मनात होता. तो पहिल्याच बैठकीत मोडून काढला. उत्पादन शुल्कवाले गाडीसकट आम्हालाही घेऊन जातील. कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसानं "एक कॅन देतो की" म्हणून सांगितलं, त्यालाही हात जोडले. इंधन घ्यायचं ते पंपावरचंच.

दुसरी अट माझी. गाडी रस्त्यावर न्यायची नाही. नोंदणी पेट्रोलची आहे, आणि नोंदणीत लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळी गाडी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. शेतातून गुऱ्हाळापर्यंत ऊस ओढायचा, आपल्याच बांधाच्या आत.

गाडीला दारू पाजणार का, हा विनोद आज सात जणांनी केला. भाच्यानं दारामागे खडूनं रेघा मारायला सुरुवात केली आहे.

१३ ऑक्टोबर

आहे त्या स्थितीत पेट्रोलवर चालवून पाहिली. आता पंपावर मिळतं तेही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालंच, म्हणजे बाईंना चव आधीच लागलेली. कॉम्प्रेशन, म्हणजे सहा सिलिंडरांत धरणारा दाब: ११८, १२०, ११५, ११८, ९६, ११७ पीएसआय. पाचव्याचा व्हॉल्व्ह बसत नाही. ॲव्हरेज लिटरला ४.२ किलोमीटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला, शेवटी याच्याशीच हिशेब करायचा आहे.

कार्बोरेटर मूळचा नाही. कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा, एका बॅरलचा, अडॅप्टर प्लेट घालून बसवलाय. मेन जेट, म्हणजे इंधन जायचं भोक, मोजला, १.६५ मिमी. प्लग काळेकुट्ट.

शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं विचारलं, डिझेलची ४०७ का नाही घेतली? कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते, इंधनानं दाबानं आपणहून पेटायचं असतं, आणि इथेनॉल त्या बाबतीत भलतंच आळशी. स्कॅनियाची बस २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर धावली खरी, पण तिच्या इंधनात पेटवण्यासाठी मुद्दाम रसायन मिसळलेलं असतं आणि कॉम्प्रेशन २८ ला १ च्या घरात. ते आमच्या आवाक्यातलं काम नव्हे. ठिणगीचं इंजिन असेल तरच या भानगडीत पडावं.

२० ऑक्टोबर

इंधन आलं. इथेनॉलचे पंप देशात पहिल्यांदा पुण्यात सुरू झाले, जून २०२१ मध्ये, प्रायोगिक म्हणून. मार्च २०२४ पासून 'इथेनॉल १००' नावानं पाच राज्यांत विक्री आहे. पुण्याला माल घेऊन जाणाऱ्या मित्राला गाठलं, पंपावर आधी फोन केला, आणि लोखंडी जेरीकॅन दिले, एक २० लिटरचा, एक १० चा. प्लास्टिकचा कॅन अजिबात नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना ३० लिटरची मर्यादा आहे, आणि धातूचं एक भांडं २५ लिटरपर्यंतच. म्हणजे एका खेपेला तीस लिटर. ही गाडी तेवढ्यात शंभर किलोमीटरसुद्धा जाणार नाही. म्हणून प्रत्येक चाचणी आधी कागदावर करायची, मग इंजिनावर.

नाव शंभर असलं तरी आत ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल, बाकी दोघांना एकत्र धरून ठेवणारं द्रावण. खात्री करायला मोजपात्रात ५० मिली इंधन आणि ५० मिली पाणी घालून हलवलं. इथेनॉल पाण्यात विरघळून खाली गेलं, वर पेट्रोलचा पातळ थर उरला, जेमतेम अडीच मिली. बरोबर.

२७ ऑक्टोबर

इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. पाचव्याची एक्झॉस्ट सीट जळालेली, नवीन बसवून व्हॉल्व्ह घासून घेतला.

मुख्य वाद कॉम्प्रेशनचा. ठोका, म्हणजे दाबानं मिश्रण आपणहून पेटल्याचा दणका, पेट्रोलपेक्षा इथेनॉलला उशिरा येतो, म्हणून जास्त दाब सोसतं. त्या फायद्यावरच तर थोडी ताकद परत मिळवायची. एका सिलिंडरचा बोअर ८५.७, स्ट्रोक ११४.३, म्हणजे ६५९ सीसी. ॲक्रिलिकची चकती लावून ब्युरेटनं चेंबर भरलं, गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून १०८ सीसी भरले. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ७.१. साडेआठ करायचा तर हेड तीन मिलिमीटरहून जास्त घासावं लागतं.

मेस्त्री म्हणाले, "मारा की तीन, काय हुतंय?" फाउंड्रीवाला येऊन हेडवर बोटानं टकटक करून गेला. ओतकामात पाण्याच्या जागेचा कोअर किती सरकलाय हे बाहेरून कळत नसतं, दीड मिलिमीटरच्या पुढं जाऊ नका म्हणाला. आयुष्यभर कोअर बसवलेल्या माणसाचं ऐकायचं ठरलं. दीड मिमी घासून नऊ सीसी कमी झाले, रेशो ७.६६. पावणेआठच म्हणू. मेस्त्री दिवसभर नाराज.

हेड खाली आलं की पुशरॉड तेवढेच लांब पडतात, हे मात्र त्यांनीच आठवण करून दिलं. रॉकर शाफ्टच्या पायांखाली दीड मिमीच्या चकत्या कापून घातल्या.

९ नोव्हेंबर

दिवाळीत काही झालं नाही. आज रबराचा दिवस. जुना पेट्रोल पाइप इथेनॉलमध्ये चार दिवस बुडवून ठेवला होता. बाहेर काढला तर गिळगिळीत, नखानं सोलला जातोय. सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराच्या अस्तराचे घातले, ओ-रिंगही व्हिटॉनच्या. मेकॅनिकल पंपाचा तसा पडदा मिळाला नाही, म्हणून पंप काढून भोक बंद केलं आणि इलेक्ट्रिक पंप बसवला. कार्बोरेटरच्या वाटीतला फ्लोट पितळी आहे, तो राहिला.

टाकीत खडे आणि साखळी टाकून दाजींच्या पोरांकडून हलवून घेतली. तांबडं पाणी थांबेपर्यंत. वाटलं, झालं.

१० नोव्हेंबर

जेटचं गणित. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. इथेनॉल थोडं जड असल्यानं लिटरच्या हिशेबात सुमारे दीडपट इंधन जायला हवं. भोकाचं क्षेत्रफळ दीडपट म्हणजे व्यास सव्वापटीच्या किंचित आत. १.६५ चा २.०५.

मूळ जेटला हात लावला नाही. पितळी सळईतून लेथवर नवे तीन काढले: १.८५, १.९५, २.०५. तोंडाची चामफर, म्हणजे तिरकी कड, तीनही जेटना सारखी ठेवायला अख्खी दुपार गेली. चामफर बदलली की त्याच भोकातून वेगळं इंधन जातं, म्हणजे नुसता ड्रिलचा नंबर सांगून उपयोग नसतो. आयडल जेट आणि पंप जेटही त्याच प्रमाणात वाढवले. वाटीत इंधन सोडणारी नीडल सीट २ वरून २.५ मिमी, नाहीतर चढावर वाटी रिकामी व्हायची. इथेनॉल जड म्हणून फ्लोट लवकर उचलतो आणि वाटीतली पातळी खाली राहते, ती जीभ वाकवून वर घेतली.

ठिणगीचं टायमिंग ८ अंशांवरून १४ वर.

१७ नोव्हेंबर

पहिल्यांदा सुरू झाली, आणि पहिल्यांदा पेटलीही.

दुपारचं ऊन. एअर क्लीनर काढलेला. तिसऱ्या सेल्फला इंजिननं कार्बोरेटरमधून ठसका दिला. मला काहीच दिसलं नाही. कार्बोरेटरवरची हवा उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी थरथरत होती, एवढंच. हात पुढं केला आणि मनगटावरचे केस गेले. मेस्त्रींनी ओलं पोतं टाकलं तेव्हा कळलं की जाळ होता. इथेनॉलचा जाळ उन्हात दिसत नाही हे वाचलेलं होतं, तरी हात पुढं गेलाच. बरं एकच की हे पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्यानं विझतं. पेट्रोलवर पाणी ओतलं तर जाळ पाण्यावर तरंगत शेजारच्या गाळ्यात गेला असता. आता दोन बादल्या, ओलं पोतं आणि पावडरचा सिलिंडर कायम गाडीजवळ. एअर क्लीनर काढून सेल्फ मारायचा नाही.

संध्याकाळी २.०५ च्या जेटवर चालू राहिली. आवाज मऊ. धुराला वास वेगळाच, आंबूस-गोड. फाउंड्रीतली पोरं वासावर आली. खडूच्या रेघा एकोणीस.

१९ नोव्हेंबर

गाडी दहा मिनिटांत दोनदा बंद. फिल्टर उघडला तर आत लाल चिखल. पेट्रोलनं चाळीस वर्षांत टाकीला जे लुकण चढवलं होतं ते इथेनॉलनं दोन दिवसांत सोडवलं. दोन फिल्टर फेकले, तिसरा काचेचा लावला म्हणजे बाहेरून दिसेल.

२० नोव्हेंबर

मतदान. शटर बंद.

२४ नोव्हेंबर

भाच्यानं वाइडबँड सेन्सर आणला. सायलेन्सरच्या पाइपला नट वेल्ड करून बसवला. मीटरवर हवा-इंधनाचं प्रमाण १२ दिसलं आणि भांडण जुंपलं. मेस्त्री म्हणाले, तुम्हीच म्हणालात नऊ पाहिजे, मग बारा म्हणजे सुकं चाललंय, इंधन कमी पडतंय, जेट वाढवा. भाचा म्हणाला, उलट ओलं चाललंय.

भाचा बरोबर होता. सेन्सरला इंधन कोणतं ते कळत नाही, धुरात ऑक्सिजन उरलाय की कमी पडलाय एवढंच कळतं. आकडा तो पेट्रोलच्या पट्टीवर छापतो. मिश्रण नेमकं असेल तर इथेनॉलवरही १४.७ च दाखवणार. म्हणून पट्टी बदलून लॅम्डावर घेतली. १ म्हणजे नेमकं, खाली म्हणजे ओलं. आमचं ०.८१. फारच ओलं.

मग १.९५ चा जेट घातला. लॅम्डा ०.९० आला, कागदावर उत्तम, आणि इंजिन मिसिंग करायला लागलं. पुन्हा २.०५ घातला की मिसिंग बंद.

मेस्त्रींनी काही न बोलता माझ्याकडं पाहिलं.

१ डिसेंबर

आठवडाभर डोकं खाल्लं या मिसिंगनं. प्लग बघून कळेना. मेस्त्रींची सगळी विद्या प्लगच्या रंगावर, पण इथेनॉलवर प्लग रंगच धरत नाही, सुकं असो वा ओलं, चिनी मातीच्या कपासारखा पांढरा. ते फार खिन्न झाले. शेवटी त्यांनी जुनी युक्ती काढली. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत एक्झॉस्टच्या सहाही तोंडांवर ओल्या चिंधीचे थेंब टाकले. मधल्या चारांवर चर्रर्र. पहिल्या आणि सहाव्यावर थेंब नुसते बसून राहिले.

म्हणजे कडेचे दोन उपाशी. तेवढ्यात भाच्यानं कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडं जाणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला हात लावला आणि "मामा, माठ झालाय हा" म्हणाला. बाहेरून पाणी सुटलेलं, कार्बोरेटरच्या बुडाशी पांढरं बर्फही धरलेलं. कोल्हापुरात, दुपारी दोन वाजता.

रात्री बसून आकडे मांडले. एक किलो हवेबरोबर पेट्रोल जातं ६८ ग्रॅम, इथेनॉल १११ ग्रॅम. वाफ व्हायला पेट्रोल किलोमागं साधारण ३५० किलोज्यूल उष्णता ओढतं, इथेनॉल ८५० च्या आसपास. गुणाकार केला तर २४ विरुद्ध ९४. जवळजवळ चौपट. आम्ही इंधन दीडपट केलं आणि गप्प बसलो, ऊब मात्र होती तेवढीच ठेवली. वाफ न झालेलं इथेनॉल मॅनिफोल्डच्या तळावरून ओहोळासारखं वाहत जवळच्या सिलिंडरांत जातं, टोकाच्या दोघांपर्यंत नुसती हवा पोचते. मोठा जेट लावला की सगळ्यांनाच भरमसाट मिळतं आणि त्यात टोकाच्यांचं कसंबसं भागतं. मिसिंग जेटचं नव्हतंच.

८ डिसेंबर

मॅनिफोल्ड खोलले. इनटेक एक्झॉस्टच्या वर बसतो, मध्ये गरम धूर इनटेकच्या बुडाला लागावा म्हणून खिडकी आहे. त्या खिडकीत कुणीतरी पत्र्याची चकती घालून ती बंद केलेली! राग आला नाही. उन्हाळ्यात पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळायचं, त्यावर कुण्या बिचाऱ्या मेकॅनिकनं काढलेला तोडगा तो. पेट्रोलसाठी शहाणपणाचा, आमच्यासाठी उलटा. चकती काढली.

मग संशय आला म्हणून इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नाही. हाही आपल्याकडचा घरोघरचा रिवाज, गाडी गरम झाली की आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचा. ८२ अंशांचा नवीन बसवला. शिवाय एक्झॉस्टभोवती पत्र्याचं वेष्टण करून तिथली गरम हवा लवचीक पाइपनं एअर क्लीनरला दिली.

दाजींचा गुळव्या कामासाठी शहरात आला होता, तो बघत उभा. म्हणाला, "चुलवाणात जाळ न्हाई आन् काहिलीत रस वतत बसलायसा व्हय?" त्याला दोन मिनिटांत कळलं ते आम्हाला दोन आठवडे लागले.

१.९५ घातला. लॅम्डा ०.९. मिसिंग नाही. थेंब सहाही तोंडांवर चर्रर्र. मेस्त्रींनी २.०५ चा जेट खिशात टाकला, किल्लीच्या रिंगला लावणार म्हणे.

१५ डिसेंबर

गाडी क्रेननं गुऱ्हाळावर. पहाटे सहाला शेतात थर्मामीटर १२ अंश. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ च्या आसपास, म्हणजे त्याच्याखाली पेटण्याइतकी वाफच धरत नाही. आमच्यात पाच टक्के पेट्रोल आहे, त्यानं थोडी मदत व्हावी. झाली नाही. बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला. शेवटी बैलं जुंपून ऊस आणला, आणि बैलांच्या मालकानं दिवसभर ऐकवलं.

ब्राझीलमध्ये १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या गाड्यांत थंडीसाठी पेट्रोलची वेगळी चिमुकली टाकी असायची. तेच करायचं. भंगारातून लुनाची टाकी आणली, तिवाटी कॉक लावला. पेट्रोलवर सुरू करायचं, पाणी गरम झालं की कॉक फिरवायचा. चोक ओढावाच लागत नाही. हे जेट पेट्रोलला इतके मोठे आहेत की तोच चोक. गरम झाल्यावर पेट्रोलवर ठेवली तर मात्र काळा धूर सोडते आणि गचके खाते, तेव्हा कॉक विसरून चालत नाही.

रात्री बंद करतानाही शेवटचा मिनिटभर पेट्रोल. वाटीत इथेनॉल राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या धातूला पांढरी भुकटी धरते. आठ दिवस उभी होती तेवढ्यात कोपऱ्यात दिसलीच.

२९ डिसेंबर

ऑइलचं झाकण उघडलं तर खाली लस्सी. दाजी घाबरले, गॅस्केट गेलं म्हणून. रेडिएटरचं पाणी तसूभर कमी नाही, म्हणजे गॅस्केट नव्हे. शेत ते गुऱ्हाळ सहाशे मीटर, पाच मिनिटांत बंद. इंजिन तापतच नाही आणि न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदललं. आता नियम असा की सकाळी एकदा सुरू केली की दुपारपर्यंतच्या सगळ्या खेपा सलग उरकायच्या. दाजींना हे पटवायला ऑइलचं बिल दाखवावं लागलं.

१२ जानेवारी २०२५

हिशेब. पाचवी खेप संपली, एकूण १५० लिटर, त्यातले निम्मे तरी प्रयोगात गेले. गुऱ्हाळाच्या आवारात आणि शेताच्या रस्त्यावर मोजून चालवली. २.०५ च्या जेटवर, चकतीसह, लिटरला २.६ भरलं होतं. आता १.९५ वर ३.०. भिंतीवरचा आकडा ४.२. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या दोन तृतीयांशच उष्णता असते, त्यामुळे ४.२ ची आशा कधीच नव्हती. तीन म्हणजे गणिताला धरून आहे. चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आधीपेक्षा बरी ओढते, हे दाजींचं मत, आणि ते गाडीबद्दल सहसा चांगलं बोलत नाहीत.

पैशाचा हिशेब त्यांनी मागितला. पुण्याहून तीस-तीस लिटर आणून ऊस वाहणं परवडत नाही, हे त्यांना मी दसऱ्यालाच सांगितलं होतं. जवळ पंप झाला तर बोलू. तोवर मूळचा १.६५ चा जेट आणि पत्र्याची चकती दोन्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीत बांधून ठेवलीत. उन्हाळ्यात पेट्रोलवर जायची वेळ आली तर अर्ध्या दिवसाचं काम.

काचेचा फिल्टर स्वच्छ. पाचव्याचं कॉम्प्रेशन आता १२६, इतरांच्या बरोबरीला. पंपाच्या वायरला फ्यूज लावायचा राहिलाय, तो संक्रांतीनंतर. रेघा अठ्ठावन्न. शेवटची गुळव्याची.